मेढीला घातलेला झगा

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि केवळ कॉलेजात गेलो म्हणून लिहिण्यासारखं काही माझ्याजवळ आहे असंही नाही. त्यातून विषय बायकांच्या कपड्यांचा. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही अशा पुरुषानं झगा कसा बेतला हे सांगावं, हे माझं मलाच चमत्कारिक वाटतं. पण त्या उन्हाळ्यात मला एकामागून एक जे धक्के बसले ते दुसरं कुणी लिहून ठेवील असं दिसत नाही. वहिनीला लिहिण्याची हौस नाही आणि आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून मी.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचा सुमार असेल. आमचं गाव रहिमतपूरपासून चालत तासाभरावर. मी सांगलीला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो आणि एका जैन कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहत होतो. थोरला भाऊ फौजेत होता. वहिनी त्याच्याबरोबर दीड वर्ष पंजाबात फॅमिली क्वार्टरमध्ये राहून परत आली, तेव्हा ट्रंकेबरोबर हातानं फिरवायचं एक शिलाई मशीन आणि बायकांच्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आली. तिकडच्या शेजारणीनं तिला शिकवलं होतं. मासिकात कपड्याचा नमुना चौकोनांवर छापलेला असतो, तो कागदावर मोठा करून काढायचा, कागद कापायचा आणि मग तो कापडावर ठेवून कापड बेतायचं.

आमच्याकडं असं काही नव्हतं. शिंप्याकडं जुनी चोळी द्यायची, तिच्यावर तो नवी बेतायचा. पोरांचे सदरे तर तो नुसत्या नजरेनं कापायचा आणि म्हणायचा, वाढतं अंग आहे, होईल बरोबर. त्यामुळं वहिनी जमिनीवर कागद पसरून, गुडघे टेकून रेघा मारू लागली की आई चुलीपुढून बघत राहायची.

"कागद बघून कापडं शिवत्यात व्हय? उद्या कागद बघून भाकरी थापशील."

"भाकरीचा बी नमुना येतो आत्याबाई मासिकात," वहिनी मान वर न करता म्हणायची. "पर त्यो गोल न्हाई."

दोघींचं असं चालायचं. भांडण नव्हतं, पण मासिक बघून शिवलेलं काही आईनं कधी हातात घेऊन पाहिलं नाही. शेजारच्या पोरींचे फ्रॉक वहिनी शिवायची, पोरी ते घालून अंगणात गिरक्या घ्यायच्या, आणि आई म्हणायची, "तंबू झालाय नुसता."

फाल्गुनात आमच्या वाटणीचं गुऱ्हाळ होतं. आई काकवी आणायला गेली होती. रस कढवायची काईल नुकतीच उतरलेली. तिनं भरलेली चरवी उचलली आणि कड हातातून निसटली. गरम काकवी कमरेपासून डाव्या बाजूनं खाली सांडली ती गुडघ्यापर्यंत. पाणी सांडलं तर ओघळून तरी जातं. काकवी चिकटून बसते. लुगडं कातड्याला चिकटलं आणि सोडवताना कातडं घेऊन आलं.

मला हे कुणी कळवलं नव्हतं. नेहमीसारखा शनिवारी घरी गेलो, तर माजघरात आई कुशीवर पडलेली आणि तिचा पाय उघडा. आईचा पाय गुडघ्याच्या वर मी जन्मात पाहिला नव्हता. नऊवारीचा काष्टा मारून ती रानात मजुरांच्या बरोबरीनं राबायची, पण पाय असा माझ्यासमोर कधी आला नव्हता. आणि पहिल्यांदा पाहिला तो असा. मी दारातच उभा राहिलो. आईनं चादर ओढली आणि म्हणाली, "ये की. जेवलास का?"

रहिमतपूरचे डॉक्टर एक दिवसाआड येऊन पट्टी बदलत होते. त्यांनी वडिलांना आणि मला अंगणात घेऊन स्पष्ट सांगितलं. कमरेला गाठ नको, पायात कापडाचा पीळ नको, वारा लागला पाहिजे. "तुमची आई रोज लुगडं नेसती. रोज खपली निघती. आता पू धरलाय. आणखी असंच चाललं तर साताऱ्याला न्यावं लागंल, आन तिथं पायाचं काय करतील ते मी सांगू शकत न्हाई."

 वडील अंगणातल्या बैलाकडं बघत राहिले. मला वाटतं, मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलो.

आई दिवसभर चादरीखाली पडून राहायची हे खरं. पण पहाटे परसाकडे जायचं म्हटलं की ती उठून अख्खं लुगडं नेसायची, काष्ट्यासकट. कुणी बाई भेटायला आली की नेसायची. वहिनीनं तिला स्वतःचं गोल पातळ देऊन पाहिलं. पण पातळ झालं तरी आत परकर आला आणि परकराची नाडी बरोबर जखमेवर बसली.

"मग चादर गुंडाळून जावा," मी म्हणालो.

"मी काय मढं हाय?" आई म्हणाली.

वहिनीनं मला मागच्या दारी गाठलं. "भावजी, खांद्यावरनं सोडलेलं कायतरी पायजे. कमरंला काय बी नको. माझ्या मासिकांत सगळे बारक्या पोरींचे फ्रॉक हायत. तुमच्या घरमालकिणीकडं मासिकं येतात म्हणत हुता ना?"

येत होती. पण त्या बाईंशी मी वर्षभरात भाडं आणि पाणी एवढ्यावरच बोललो होतो. त्यांच्याकडं जाऊन बायकांचा झगा मागायचा, या कल्पनेनंच माझे कान तापले. सांगलीला परतलो त्या संध्याकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन मागं आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय रे, काही हवंय का?"

"मासिक," मी म्हणालो. "झग्याचा नमुना असलेलं."

"कुणासाठी?"

"आईसाठी."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आई काय नेसतात?"

"नऊवारी."

"मग झगा कशाला?"

मी सांगितलं. किती सांगितलं आणि कसं, ते आठवत नाही. बाई आत गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोललो. मग त्या उन्हाळी अंक घेऊन आल्या. मधे घडी घातलेला मोठा कागद होता.

"हा बघ. योक आहे, म्हणजे खांद्यावरची पट्टी, त्याखाली चुण्या. कमरेत काही नाही. या आखूड बाह्यांच्या जागी तू लांब बाह्या लावायला सांग, त्यांना तोकड्या चालायच्या नाहीत." आणि थोडं थांबून, "चित्र मात्र त्यांना दाखवू नकोस."

चित्रात एक बाई डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा लावून महाबळेश्वरच्या कुठल्याशा पॉइंटवर उभी होती. झगा वाऱ्यानं उडत होता. खाली लिहिलं होतं, सुटीसाठी हलकाफुलका पोशाख. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, पण आई तिथं कधी गेली नव्हती. मी ते पान दुमडून आत घातलं.

परीक्षेच्या अभ्यासाची सुटी लागली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी गावी परत गेलो. वहिनीनं कागद पसरला, सगळ्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता माप."

माप म्हटल्यावर आई हसली. आजारपणात पहिल्यांदाच हसली असेल. "माप? माझं?"

"छातीचं, कमरंच्या खालचं, खांद्याचं. फीत लावती नुसती."

"आगं, लुगड्याला कधी माप लागलंय व्हय? जाडीला बी तेच, बारकीला बी तेच. नवरीला बी तेच, म्हातारीला बी." आणि मग हसू पुसून म्हणाली, "माझं माप सरणावर घ्यायचं. तंवर फीत अंगाला लावून घ्यायची न्हाई."

वहिनीनं फीत गुंडाळून ठेवली. मला वाटलं, संपलं. पण दुपारी आईला झोप लागल्यावर तिनं मला सोप्यातल्या मेढीजवळ बोलावलं. मेढ म्हणजे तुळईखालचा लाकडी खांब. वहिनीच्या काखेत दोन वाकळा होत्या.

"ही मेढीला गुंडाळा."

मी गुंडाळली. वहिनीनं पदर खोचला आणि मेढीला मिठी मारली. मी हादरलोच. इकडं तिकडं पाहिलं, कुणी बघतंय का. वहिनी डोळे मिटून मेढीच्या मागं बोटं चाचपडत होती.

"अजून एक घडी द्या."

मी दिली. तिनं पुन्हा मिठी मारली.

"हां. ही आत्याबाईची छाती." डोळे उघडून ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ उठवती न्हाई का मी त्यास्नी, काखेतनं हात घालून? तवा माझी उजवी बोटं डाव्या मनगटाला लागत्यात. बघा, लागली. घाला आता फीत."

अशीच खालची मापं घेतली. पांघरुणाच्या घड्या वाढवत, कमी करत, वहिनीच्या हातांना ओळख पटेपर्यंत. उंचीचा प्रश्न आला तेव्हा ती मला दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेली. संध्याकाळी वडिलांची वाट बघत आई चौकटीला डोकं टेकून उभी राहायची. त्या जागी खोबरेल तेलाचा डाग पडला होता. तिथून जमिनीपर्यंत फीत धरली आणि डोक्या-मानेची वीतभर वजा केली.

पुढचं काम माझं. मासिकातली बाई आईपेक्षा बरीच बारकी होती. एक चौकोन एक इंचाचा धरा असं त्यात लिहिलं होतं, मी तो सव्वा इंचाचा धरला. वर्तमानपत्रं पिठाच्या खळीनं चिकटवली आणि कॉलेजात आलेख काढतो तसे बिंदू मांडून नमुना काढला. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला. शिकलेलं काहीतरी घरात कामाला आलं, असं वाटलं.

कापड म्हणून वहिनीनं आईचं जुनं हिरवं इरकली लुगडं काढलं. मऊ झालेलं, वाकळीसाठी ठेवलेलं. कात्री लावताना तीसुद्धा क्षणभर थांबली. "काठ खालच्या घेराला घेऊ," ती म्हणाली. "वळखीचं वाटंल."

दोन दिवसांत झगा झाला. लांब बाह्या, बंद गळा, खाली लाल काठ. तो वहिनीनं मेढीलाच घालून पाहिला. वरून सोडला तो चुण्या घेत अगदी तोलून बसला. आम्ही दोघं लांब जाऊन बघत राहिलो. तेवढ्यात वडील रानातून आले. अंगणात त्यांच्या वहाणांचा आवाज झाला, सोप्याशी आला आणि थांबला. मग खाकरणं ऐकू आलं. पुन्हा खाकरले. घरात पाहुणी बाई असली की आमच्याकडं पुरुष असे खाकरून बाहेर थांबतात, ती आत जाईपर्यंत. वडील अंधुक उजेडात मेढीला पाहुणी समजून बराच वेळ बाहेर उभे होते. शेवटी वहिनीनं त्यांना आत बोलावलं तेव्हा ते मान खाली घालून, भिंतीकडेनं गेले.

त्या खाकरण्यानंच आईला जाग आली असावी. ती भिंतीला धरून दारात आली आणि तिनं ते बघितलं. आपलं लुगडं, आणि ते मेढीनं घातलेलं.   मग म्हणाली, "माझं लुगडं फाडलंसा?"

"जुनं हुतं, आत्याबाई."

"जुनं हुतं. मेलं न्हवतं."

त्यानंतर तिनं दोन दिवस आमच्याशी धड शब्द काढला नाही. पहाटे लुगडं नेसून जात राहिली. डॉक्टर आले, त्यांनी पट्टी सोडली आणि नाकाला रुमाल लावला. जाताना ते माझ्याशी काही बोलले नाहीत. वडिलांना म्हणाले, "आठवडाभर बघतो. मग मला विचारू नका, गाडी करा."

हे आईनं आतून ऐकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळी गल्ली रानात गेलेली असताना, ती वहिनीला म्हणाली, "आण ते तुझं मेढीचं."

मी बाहेर जाऊन बसलो. आत बोलणं ऐकू येत होतं. हात घाला, डोकं घाला, हां. मग आईचा आवाज, "ह्याला कनवटी कुठं हाय? मिश्रीची डबी कुठं खोसू? किल्ली कुठं ठिवू?" वहिनी म्हणाली, हातात धरा आज. आई म्हणाली, हातात धरून काय देवीची पूजा करायला चालले का. मग मला आत बोलावलं.

आई उभी होती. हिरव्या झग्यात, लाल काठ घोट्यावर. केस नेहमीसारखे चोपून बांधलेले, कपाळावर मोठं कुंकू. मला ओळखता येईना. म्हणजे आईच होती, पण तिला एवढं सरळ, नुसतं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. लुगड्यात ती नेहमी कुठंतरी निघालेली असायची.

"हसू नगंस," ती म्हणाली.

मी हसत नव्हतो.

"गार लागतंय पायाला," ती पुन्हा म्हणाली, जरा हळू. आणि चुलीवरच्या दुधाकडं लक्ष गेल्यावर सवयीनं चुलीपुढं उकिडवी बसली.

टर्रकन आवाज झाला. उजवी शिवण काखेखालून पार मांडीपर्यंत गेली.

मासिकातली बाई खुर्चीवर बसणारी होती. आणि मेढ तर बसतच नाही. आम्हा दोघांच्या, मापं घेणाऱ्या आणि आलेख काढणाऱ्या, डोक्यात हे आलंच नव्हतं की माझी आई दिवसातला अर्धा वेळ उकिडवी बसलेली असते.

आई उठली. रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. तिनं शांतपणे सांगितलं, "मेढीला शिवलाय, मेढीलाच घाल." आणि मला म्हणाली, "तू जा आता. परीक्षा हाय तुझी. माझ्या पायासाठी पेपर चुकवशील तर त्योच पाय घालीन कमरंत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी सांगलीला निघालो. तेव्हा वहिनी मेढीपाशी फाटका झगा मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. आई आत चादरीखाली होती. बाहेर वडील कुणाला तरी सातारच्या गाडीबद्दल विचारत होते.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. पेपर लिहिले. आलेखाचा प्रश्न आला तेव्हा हात थांबला. घरमालकीण बाई रोज दारातून विचारायच्या, "काही कळलं का?" मी मान हलवायचो. गावाकडून कुणी येत नव्हतं, आणि वडिलांना पत्र लिहिण्याची सवय नव्हती. एका रात्री तर मी मनातल्या मनात आईला कुबडीवर उभी करून पाहिली, आणि घाबरून उठून बसलो.

शेवटचा पेपर देऊन आलो तर खोलीपुढं आमच्या गावचा एक माणूस उभा. तो गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या पेठेत यायचा. अंगावर गुळाची धूळ, माशा घोंगावणाऱ्या. मी त्याला पाणी दिलं. तो गुळाच्या भावाबद्दल बोलला, ट्रकच्या टायराबद्दल बोलला. मी विचारलं नाही. तोही त्या विषयावर येईना. शेवटी तांब्या खाली ठेवून म्हणाला, "तुला सांगावं का न सांगावं, असं झालंय गड्या."

"आईचं?"

"व्हय."

मी उंबऱ्यावर बसलो.

"परवा पाराजवळ बघितली म्या," तो म्हणाला. "चालत आली. लंगडत हुती थोडी, पर आपल्या पायानं आली. आन अंगात काय? झगा. हिरवागार, ह्यो घेर. दोन्ही बाजूस्नी निऱ्या सोडल्यात, छत्रीगत. तुझ्या आईला झगा हाय, ठावं हाय का तुला?"

मी तांब्या बाजूला सरकवला.

"म्या म्हनलं, वयनी, ह्ये काय? तर म्हनली, डाक्टरनं सांगितलंय. आन त्याला खिसा हाय. ह्यो एवढा, पानाच्या डब्याएवढा. खिशात हात घालून हुबी हुती माझ्यापुढं, मामलेदारागत. बोलत हुती पर हात काय भायेर काढला न्हाई. पारावरची सगळी म्हातारी माणसं गप. म्या बी गप. माझ्या उभ्या हयातीत गावात बाईमाणूस खिशात हात घालून हुबं ऱ्हायलेलं म्या बघितलं न्हाई रं."

घरमालकीण बाई दारात येऊन ऐकत होत्या.  शेवटी मी एवढंच विचारलं, "बसली होती का?"

"आं?"

"तिथं. खाली बसली का ती?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जणू परीक्षेनं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला असावा.

"बसली की," तो म्हणाला. "पाराखाली उकिडवी बसून, खिशातनं डबी काढून मिश्री लावली. आन मग उठून घरला गेली. का रं?"